जुन्या इंटरकॉमवर आयपॉड लावताय? ती वाय वायर नको!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत माझ्या पाठीमागे भिंतीवरचा इंटरकॉम दिसला आणि तेव्हापासून कॉमेंटमध्ये एकच प्रश्न, "ताई, यावर गाणी कशी लावता?" इथे अमेरिकेत आपल्यापैकी ज्यांनी १९७०-८० च्या आसपासचं घर घेतलंय ना, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या किचनमध्ये असतो हा, न्यूटोन कंपनीचा वगैरे, रेडिओवाला, प्रत्येक खोलीत एक स्पीकर. कृपा करून तोडून फेकू नका!

बेसिक पटकन सांगते. पॉवर बंद, मास्टर पॅनल उघडा, ऑक्स लिहिलेला इनपुट, म्हणजे बाहेरचा प्लेअर जोडायची जागा, शोधा. नुसतं फोनो, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा इनपुट, असेल तर आधी मॅन्युअल बघा, कारण मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईच्या भागाचा) इनपुट काही मिलीव्होल्टवर चालतो, प्लेअर त्याच्या कितीतरी पट देतो, आवाज फाटणारच. आणि खोल्यांच्या स्पीकरच्या वायरींना प्लेअर जोडायचा नाही, अजिबात नाही.

आता खरी गोम. इंटरकॉम मोनो, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने; आयपॉड स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा वेगळा. मी आधी काय केलं, आयपॉडच्या केबलच्या लाल (उजवा) आणि पांढऱ्या (डावा) प्लगपैकी फक्त पांढरा लावला. आई नाशिकहून आली होती, पोळ्या लाटता लाटता थांबली, म्हणाली, "अगं, तबला कुठे गेला?" जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तबला एका बाजूला, गाणं दुसऱ्या बाजूला, आणि तबल्याची बाजू मी जोडलीच नव्हती!

मग लोक काय करतात, डावं-उजवं थेट एकत्र करणारी वाय वायर आणतात. नका करू. प्लेअरमध्ये दोन वेगळे ॲम्प्लिफायर असतात, त्यांची तोंडं एकमेकांना बांधली की एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो आणि दोघंही उगाच ताण घेतात. ढोलकी जोरात आली की आवाज चिरकतो, त्याचं हे एक कारण असू शकतं. "माझं तर दोन वर्षं चाललंय" म्हणणाऱ्या दादांना मनापासून सांगते, चाललंय खरं, पण रोज तो प्लेअर भार सोसतोय हो.

उपाय अगदी स्वस्त. एक-एक किलोओहमचे दोन रेझिस्टर (करंट अडवणारे छोटे भाग) घ्या. एक डाव्या वायरला, एक उजव्या वायरला, आणि त्यांची पलीकडची टोकं एकत्र करून आरसीए प्लगच्या (त्या लाल-पांढऱ्यासारख्याच गोल प्लगच्या) मधल्या पिनला. ग्राउंडची, म्हणजे दोन्ही बाजूंची सामायिक वायर, थेट बाहेरच्या कड्याला, त्यात रेझिस्टर नाही. परत सांगते, रेझिस्टर आधी, जोड नंतर! उलट केलंत, म्हणजे जोड आधी आणि रेझिस्टर नंतर, तर ती वाय वायरच झाली.

प्लेअरचा आवाज कमी ठेवून सुरू करा, हळूहळू वाढवा, बाकीचा मास्टरवरून. गुंऽऽ असा आवाज आला तर आधी चार्जर काढून बघा, बहुतेक ग्राउंड लूप असतो, म्हणजे चार्जर आणि इंटरकॉम दोन्हीकडून ग्राउंड जोडला गेल्याने होणारी गुणगुण. चार्जर लावूनच वाजवायचं असेल तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाका, आमच्याकडे तोच लावलाय.