दुकान वसमतचं, ध्यान परभणीतून

(दृश्य : वसमतचा मोंढा. हळदीचे ढीग, हमालांची ये-जा, बिटाचा गलका. गलका कमी न करता त्यावरच निवेदन सुरू.)

फेब्रुवारी-मार्च लागला की वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीचे ढीग पडू लागतात. शिजवलेली, वाळवलेली, ढोलात घोळून पिवळीधमक झालेली हळकुंडं. 2024 साली या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. बीट, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू झालं की व्यापारी ढिगाजवळून हलत नाही. हलला की माल दुसऱ्याचा. आणि नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजत असतो. सुरतेचा ग्राहक हळदीत करक्युमिन, म्हणजे तिला पिवळा रंग देणारा घटक, किती टक्के ते विचारतोय. नांदेडच्या किराणा दुकानदाराला पन्नास किलो पावडर पाहिजे. ट्रान्सपोर्टवाला गाडी भरून उभा आहे आणि विचारतोय, ई-वे बिल, म्हणजे माल न्यायचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, कुठंय?

या तिघांनाही उत्तर मिळतं, पण ते मोंढ्यातून जात नाही. ते जातं परभणीहून, एका घराच्या पुढच्या खोलीतून.

(दृश्य : परभणी, वसमत रोडच्या मागची गल्ली. टेबल, लॅपटॉप, दोन फोन, भिंतीवर कॅलेंडर. चेहरा दाखवायचा नाही, फक्त हात.)

या चित्रफितीत तिचं नाव येणार नाही आणि चेहराही दिसणार नाही. ही अट तिचीच. पाच-सहा छोट्या व्यावसायिकांचे भाव, उधाऱ्या, ग्राहकांचे नंबर तिच्याकडे असतात. ‘मी कुणाचं काम बघते हे बाजाराला कळलं, तर माझ्यावर टाकलेला भरवसा गेला,’ असं ती म्हणाली. आम्हाला ते पटलं.

व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात या कामाला. गावाकडं सांगायचं तर ती म्हणते, ‘मी दुकानदारांचं ऑनलाइन काम बघते.’ पूर्वी मोंढ्यातल्या मोठ्या आडतीवर मुनीम असायचा. मालक सौद्यात गुंतलेला असला तरी कुणाचं किती येणं आहे हे गादीवर बसलेल्या माणसाला तोंडपाठ असायचं. छोट्या दुकानदाराला मुनीम कधीच परवडला नाही. आता पाच दुकानदारांना मिळून एक परवडतो, आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात बसला तरी चालतं.

(दृश्य : फोनवर व्हॉइस नोट. मागे बिटाचा गलका. आवाज पूर्ण ऐकू द्यावा.)

‘ताई, त्या नांदेडवाल्याला पन्नास किलो लिहून घे, अन् मागचं राहिलंय ते बी मागून घे. मी बिटात हाय.’

एवढाच निरोप. आता नांदेडवाले तीन आहेत. पन्नास किलो घेणारे त्यातले दोन, आणि मागची बाकी असणारा एकच. तिला विचारावं लागत नाही. ती शीट उघडते, ऑर्डर लिहिते आणि व्हॉट्सॲप बिझनेसवर त्या दुकानदाराच्या नावाला ‘बाकी’ असं लेबल आहे ते बघते. मग त्याला निरोप जातो. आधी ऑर्डर मिळाल्याचा, भाव आणि माल निघायचा दिवस कळवणारा. बाकीचा विषय त्यात नाही. तो दुपारी, वेगळ्या निरोपात, बिलाच्या फोटोसह. ‘माल देताना उधारी काढली की माणूस दुखावतो,’ ती सांगते. ‘जेवण झाल्यावर काढली की देतो.’

हे कोणत्याही ऑनलाइन कोर्समध्ये शिकवत नाहीत. कॅटलॉग कसा लावायचा, ठरलेली उत्तरं कशी साठवायची, एका नंबरला लॅपटॉप कसा जोडायचा, हे शिकायला आठवडा पुष्कळ झाला. नांदेडच्या माणसाशी कोणत्या वेळी पैशाचं बोलायचं हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसालाच कळतं. आमच्या मते तिची कमाई आहे ती यावर.

लातूरच्या एका फरसाणवाल्याचं काम ती बघते, तिथला एक दिवस सांगण्यासारखा आहे. 22 सप्टेंबर 2025. घटस्थापना. त्याच दिवसापासून पाकीटबंद फरसाणावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. कारखान्यात नवरात्राची घाई, मालक कढईजवळ, आणि दुकानदारांचे फोन सुरू : आता भाव काय? जुन्या पाकिटांचं काय? तिनं बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दर बदलले, कॅटलॉगमधली एकेक किंमत बदलली, सगळ्या दुकानदारांना नवी भावपत्रिका पाठवली. जुन्या मालावर नव्या किमतीचं स्टिकर लावायचं आहे, याची आठवण कारखान्यातल्या पोरांना तिनंच केली. दर दिल्लीत कमी झाला. तो लातूरच्या पाकिटावर उतरेपर्यंत मधे कुणीतरी बसून हे सगळं करावं लागतं.

(दृश्य : वाळूज औद्योगिक वसाहत. एक लहान वर्कशॉप, कापल्या जाणाऱ्या पत्र्याच्या ठिणग्या.)

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एक वर्कशॉप आहे. मालक, पाच कामगार, मोठ्या कंपन्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग. इथलं काम मोंढ्यापेक्षा अगदी वेगळं. इथं ग्राहक बोलत नाही, तारखा बोलतात.

तिच्या कॅलेंडरवर दर महिन्याला तीन तारखांना लाल गोल असतो : 11, 14 आणि 20. अकरापर्यंत जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र. चौदाला पोर्टलवर 2बी येतं, म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपल्या नावावर कोणती बिलं दाखवली त्याचा तक्ता. वीसपर्यंत 3बी, म्हणजे महिन्याच्या एकूण कराचं विवरणपत्र, आणि कर भरणा. विवरणपत्र करसल्लागार भरतात, ते त्यांचं काम. तिचं काम चौदा ते वीसच्या मधलं. खरेदीचं एकेक बिल त्या तक्त्याशी ताडून बघायचं. एक लाखाचा पत्रा घेतला, त्यावर 18 टक्क्यांनी 18,000 रुपये कर दिला, आणि पत्रावाल्यानं ते बिल दाखवलंच नाही, तर त्या महिन्यात आपल्याला भरायच्या करातून 18,000 ची वजावट मिळत नाही. पाच कामगारांच्या वर्कशॉपला 18,000 म्हणजे एका माणसाच्या पगाराच्या आसपासची रक्कम. पंधराव्या तारखेला सकाळी दहाला ती त्या पत्रावाल्याच्या ऑफिसला फोन लावते. पुन्हा चारला. पुन्हा दुसऱ्या दिवशी.

चाळीसचा आकडाही तिच्या शीटमध्ये आहे. माल पोचल्यापासून चाळीस दिवस झाले आणि पैसे आले नाहीत, की ओळ लाल होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे खरेदीदारानं लेखी करार असेल तर फार तर 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असं 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याला चक्रवाढ व्याज. हे कलम कित्येक वर्षं कागदावरच होतं. एप्रिल 2024 पासून आयकरातल्या बदलामुळे, मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. तेव्हापासून बिलावर उद्यम क्रमांक, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, ठळक छापायचा आणि चाळिसाव्या दिवशी नम्रपणे आठवण करायची, हा तिचा नियम. मालक स्वतः हा फोन करत नव्हता. पुढची ऑर्डर जाईल ही भीती. ती करते, कारण तिच्या तोंडी ती आठवण राहते, मालकाच्या तोंडी ती तक्रार वाटते.

(दृश्य : हात वहीवर. वहीत पासवर्ड नाहीत, फक्त कुणाकडे काय आहे याची यादी.)

पासवर्ड-पिनच्या चाव्यांचा प्रश्न मोठा आहे. छोटा व्यावसायिक भरवसा ठेवतो तेव्हा पूर्ण ठेवतो. बँकेचा पासवर्ड, यूपीआयचा पिन, सगळं व्हॉट्सॲपवर पाठवून मोकळा होतो. ती तो मेसेज लगेच पुसायला लावते आणि पिन बदलून घेते. पैसे बाहेर जातील असा कोणताही अधिकार ती स्वतःकडे ठेवत नाही. बँकेचं खातं फक्त बघण्यापुरतं, तेही बँक तशी सोय देत असेल तरच. या कामात येणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्या दिवशीच ठरवावं. उद्या खात्यातून काही गेलं, तर गुन्हेगार सापडेपर्यंत संशय पहिला घराबाहेरच्या माणसावर येतो.

ओटीपीचा घोळ वेगळाच. पोर्टलचा ओटीपी मालकाच्या फोनवर, मालक लग्नात, लग्न औंढ्याकडच्या एखाद्या वस्तीवर, तिथं रेंज नाही. आणि गाडी उभी. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर माल गेला की ई-वे बिल लागतंच. एप्रिल 2025 पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर प्रत्येकालाच ओटीपीची दुहेरी खात्री सक्तीची झाली. त्यावरची वाट पोर्टलमध्येच आहे : मालकानं तिच्या नावानं सब-युजर, म्हणजे आपल्या खात्याखालचा दुसरा वापरकर्ता, तयार करायचा, मग ओटीपी तिच्या फोनवर येतो. ही सोय अनेकांना माहीत नसते आणि गाड्या तासन्‌तास उभ्या राहतात.

पैशाचं बोलू. या कामात सगळ्यात जास्त नुकसान तासावर दर लावल्यानं होतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. पत्रावाल्याला केलेला फोन दहा मिनिटांचा असतो. पण तो पंधरा तारखेलाच करायचा, हे महिनाभर कुणीतरी डोक्यात धरलेलं असतं. मालकाला दहा मिनिटं दिसतात आणि तो म्हणतो, ‘एवढ्याचे एवढे?’ म्हणून तिचा दर महिन्याचा असतो, आणि काय काय करणार ते एका पानावर मराठीत लिहिलेलं असतं. किती बिलं, किती पोस्ट, फोनला उत्तर किती वाजेपर्यंत, रविवारी काय. हळदीच्या हंगामातले तीन महिने दर वेगळा. रक्कम महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ. 45 दिवसांचा तो कायदा तिलाही लागू आहे, तिचीही उद्यम नोंदणी आहे. पण ज्या माणसाला आपण काका म्हणतो, ज्याच्या घरच्या साखरपुड्याला जाऊन आलो, त्याच्याविरुद्ध कोण तक्रार करणार? नात्याच्या बाजारात आगाऊ रक्कमच बरी. नातं टिकतं.

(उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. हे वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरात ठेवावं.)

हे ऐकून कुणी कामाला निघालं, तर आधी त्याच्या फोनवर येतील त्या जाहिराती : घरबसल्या डेटा एन्ट्री, रोज इतके हजार, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा. मराठवाड्यातली कितीतरी शिकलेली पोरं-पोरी यात अडकतात. शेवटी चुकांचा दंड म्हणून उलट त्यांच्याकडूनच पैसे मागितले जातात, वर कोर्टाची धमकी. काम देणारा माणूस काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. अडकलात तर घाबरून भरत राहू नका, 1930 वर सायबर तक्रार करा, तीही लगेच.

(दृश्य : संध्याकाळ. गल्लीतले दिवे गेलेले. इन्व्हर्टरवर एक बल्ब.)

तिचं माहेर जिंतूर तालुक्यात आहे. तिथं ती सणाला जाते तेव्हा काम बरोबर जातं, आणि तिथं विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की जळाली. नवी बसेपर्यंत वस्ती अंधारात. अशा वेळी फोन चार्ज करायला ती भावाच्या मोटारसायकलवर जिंतूरला येते, एसटी स्टँडसमोरच्या दुकानात बसून निरोप पाठवते. दोन कंपन्यांची दोन सिम याचसाठी. ग्राहकाला ती आधीच सांगून ठेवते, वीज गेली तर चार तास द्या. लोक देतात. त्यांच्याकडंही तीच वीज आहे.

परदेशी ग्राहक धरले तर पैसे जास्त मिळतात, हेही खरं. डॉलरमध्ये बिल, सेवा निर्यात म्हणून जीएसटीचा दर शून्य, आणि रात्रीचं जागरण. काही जण ते करतात आणि चांगलं करतात. तिनं ते धरलं नाही, कारण तिची हुशारी मोंढ्यात चालते. इथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला आणि देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला गेलेल्या आमच्या पिढीला कुणी सांगितलंच नाही, की वसमतच्या दुकानदाराचा हिशेब ठेवणं ही घरच्या खोलीत बसून करायची, मानाची नोकरी होऊ शकते. सांगायला हवं होतं. म्हणून ही चित्रफीत.

(दृश्य : दुसरी खुर्ची. दुसऱ्या मुलीचे हात, तिच्यापुढं उघडी वही.)

आता तिच्याकडं जागा नाही. भूमच्या एका खवा-पेढेवाल्यानं विचारलं, तेव्हा तिनं माहेरच्या शेजारची एक मुलगी बोलावून घेतली. बीकॉम झालेली, वर्षभर घरी बसलेली. पहिला महिना दोघी मिळून करायचा असं ठरलं आहे. मुलीनं सगळे व्हॉइस नोट ऐकायचे, कोण कसं बोलतो, कुणाला किती घाई असते ते वहीत लिहायचं, उत्तर मात्र ताईनं द्यायचं. दुसऱ्या महिन्यात मुलगी उत्तर लिहील आणि ताई वाचून बघेल. तिसऱ्या महिन्यापासून पेढेवाला तिचा. पहिल्या महिन्याचे पैसे किती, हे मुलीनं विचारलं नव्हतं. ताईनं आकडा त्या मराठीतल्या पानावर लिहिला, खाली सही केली आणि पान तिच्याकडं सरकवलं : वाच, कमी वाटला तर आत्ताच बोल.