पदर कुठून येतो ते बघा

नमस्कार. चित्रपटातल्या वेशभूषेवर बोलायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर राजवाडे, जरीचे शालू आणि दागदागिने येतात. मलाही ते सगळं मनापासून आवडतं. पण आज मला तुमची नजर थोडी दुसरीकडे वळवायची आहे. पडद्यावरचा कपडा किती भारी आहे यापेक्षा तो कसा नेसलाय, अंगावर कसा वागतोय आणि किती वापरलेला दिसतोय, हे बघायची सवय लावली तर चित्रपट बघण्याचा आनंद कितीतरी वाढतो. आणि हे ज्यांच्या कामातून उत्तम कळतं, त्या आपल्या कोल्हापूरच्याच. वेशभूषाकार भानू अथैया.

माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. जन्म 1929 चा. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि मुलगी लहान असतानाच ते गेले. त्या काळाच्या कोल्हापुरात चित्रकला आणि सिनेमा एकाच घरात नांदत होते. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी तिथंच उभी केली होती. स्वतः चित्रकार असलेला हा माणूस सेटपासून कपड्यांपर्यंत सगळ्यात लक्ष घालायचा. त्या हवेत वाढलेली ही मुलगी पुढं मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती. म्हणजे कॅनव्हासवर तिची जागा तयार होत होती. त्याच सुमारास ती मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत होती, आणि तिथून सिनेमात आली. हात चित्रकाराचा होता हे विसरू नका. काळ्यापांढऱ्या चित्रपटात रंग दिसत नाही, फक्त उजेड आणि सावली दिसते. कुठलं कापड कॅमेऱ्यात किती गडद उतरेल हे ज्याला चित्रातून कळलेलं असतं, त्याचं काम वेगळं दिसतं. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम' पुन्हा बघाल तेव्हा हे डोक्यात ठेवून बघा.

आता एका साडीपाशी थांबू या. 1968 चा 'ब्रह्मचारी', मुमताज आणि शम्मी कपूर, 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे'. केशरी साडी, सोनेरी काठ, अंगाभोवती घट्ट वेढे. या साडीची इतकी नक्कल झाली की तिला 'मुमताज साडी' असंच नाव पडलं. ती शिवलेली होती. का, ते त्या नाचात बघा. गिरक्या, झटके, कमरेच्या वेगवान हालचाली. साध्या पाचवारी साडीच्या निऱ्या अशा नाचात पहिल्या कडव्यालाच सुटल्या असत्या आणि पायात आल्या असत्या. भानूताईंनी साडीचं दिसणं ठेवलं, वेढे ठेवले, काठाच्या तिरक्या रेषा ठेवल्या आणि सगळं शिवणीनं बांधून टाकलं. ते काठ अंगाभोवती फिरताना बघा, नाचाची लय त्या रेषांनी दुप्पट दिसते. कापडानं नाचाला मदत केली. माझ्या लेखी हिंदी सिनेमातल्या सर्वांत हुशार कपड्यांपैकी हा एक आहे.

इथं एक बाजूची गोष्ट बोलून घेते, कारण ती मनात खदखदते. आपल्या मालिकांमध्येही शिवलेली नऊवारी सर्रास दिसते. चित्रीकरण रोज, वेळ कमी, नेसवणारी एक आणि नेसणाऱ्या दहा, त्यामुळं अडचण मला कळते. शिवण्याला माझी हरकत नाही. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकघरात बसलेल्या बाईचा पदर पिनेनं ब्लाउजला घट्ट टाचलेला असतो, निऱ्या इस्त्री केल्यासारख्या एकाच मापाच्या, आणि दिवसभर चूल फुंकूनही काष्टा तसूभर हललेला नसतो, तेव्हा त्या नटीचं फार मोठं साधन आपण काढून घेतलेलं असतं. पदर ही नटीची वस्तू आहे. सासरे आले की तो डोक्यावर येतो. काम पडलं की कमरेला खोचला जातो. गरम भांडं त्यानं उतरवतात, पोराचं नाक त्यानं पुसतात, रडू आलं की तोच तोंडाशी जातो. टाचलेल्या पदरात यातलं काहीच होत नाही. मग सगळा अभिनय चेहऱ्यावर येऊन पडतो, आणि चेहरा बिचारा किती करणार?

हां, तर भानूताईंकडे परत येऊ. 1966 चा 'आम्रपाली'. वैजयंतीमालासाठी कपडे करायचे म्हणून त्या अजिंठ्याला गेल्या आणि लेण्यांमधली चित्रं अभ्यासली. इतिहासाचे अभ्यासक म्हणतील, आम्रपाली बुद्धाच्या काळातली आणि अजिंठ्याची गाजलेली चित्रं पाचव्या शतकातली, मधे हजारेक वर्षं जातात. खरं आहे. पण बुद्धाच्या काळातली चित्रं कुणाकडं आहेत? त्यांनी उपलब्ध असलेला देखणा पुरावा घेतला आणि न शिवलेलं वस्त्र कमरेला कसं बसतं, कुठं गाठ येते, मोकळं टोक कुठं लोंबतं, हे तिथून उचललं. त्याआधीच्या वर्षी आलेल्या 'वक्त'मधल्या साधनाच्या घट्ट चुडीदार-कुर्त्यांबद्दल फार बोलत नाही. तुमच्यापैकी कुणी ना कुणी तो शिवून घेतलेला असणारच.

आता 'गांधी'. रिचर्ड अॅटनबरो यांचा चित्रपट, 1982. वेशभूषेचं ऑस्कर भानू अथैया आणि जॉन मोलो यांना मिळून, 1983 च्या एप्रिलमध्ये. मोलो लष्करी गणवेशांचे गाढे जाणकार होते. आणि ऑस्कर मिळवणाऱ्या भानूताई पहिल्या भारतीय. या बक्षिसाचं मला खरं अप्रूप वाटतं ते वेगळ्या कारणानं. त्या चित्रपटात झगमगीत असं जवळजवळ काही नाही. पांढरं सुती कापड, तेही पुन्हा पुन्हा.

हे दोन तुकडे मी आणलेत. दोन्ही खादीचे, एकाच ताग्यातले. पहिल्या रांगेपासून मागं जाऊ द्या. एक कोरा आहे, त्याला खळ आहे, हातात कडक लागेल, घडी मोडली तरी रेघ राहील. दुसरा कितीतरी वेळा धुतलाय, मग चहाच्या पाण्यात बुडवलाय आणि कडेला पॉलिश पेपरनं घासलाय. तो अंगावर टाकला की खांद्याची हाडं दिसतात. कोरं टाकलं तर फक्त कापड दिसतं. शिवाय कोरं पांढरं कॅमेऱ्यात डोळ्यांवर येतं, शेजारचा चेहरा काळवंडतो. म्हणून आमच्या कपडेपटात चहाची पातेली कायम असतात. आता हजारोंच्या गर्दीचा विचार करा. पन्नास माणसं जरी कोऱ्या कापडात उभी राहिली तरी सगळा देखावा शाळेच्या गॅदरिंगसारखा दिसायला लागतो. गिरणीचं धोतर वेगळं पांढरं, खादी वेगळी पांढरी, शेतकऱ्याचं मातीत मळलेलं आणखी वेगळं. 'गांधी'तली गर्दी खरी वाटते, त्यात या छटांचा वाटा फार मोठा आहे.

आणि मधोमध एक माणूस, जो पंचावन्न वर्षांत कपडे उतरवत जातो. 1893 साली दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर फेकला गेलेला सुटाबुटातला बॅरिस्टर. 1915 च्या जानेवारीत मुंबईला उतरलेला, काठेवाडी वेशातला. 1921 च्या सप्टेंबरमध्ये मदुराईला त्यांनी पंचा घेतला, तो अखेरपर्यंत. पुढं त्यांना काय नेसायचं हे इतकं नेमकं कळलं याचं मला नवल वाटत नाही, कारण कपड्याचं महत्त्व त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आत्मकथेत त्यांनीच लिहिलंय की कुटुंबाला दक्षिण आफ्रिकेला नेताना त्यांनी कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसायला लावली, मुलांना पारशी कोट-पाटलोण घातली आणि सगळ्यांच्या पायांत मोजे-बूट कोंबले. पाय चावायचे, मोज्यांना घामाचा वास यायचा. चित्रपटात रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत. त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढं येतो का, डोक्यावर किती येतो, वय वाढतं तशी साडी अंगावर किती सैल होते, एवढंच बघत एकदा पूर्ण चित्रपट बघा. संवाद ऐकले नाहीत तरी संसार कळतो.

'लगान' 2001 चा, भुजजवळ चित्रित झालेला, आणि त्याचीही कथा 1893 मधलीच. त्यासाठी भानूताईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी 'लेकिन'साठीही मिळाला होता. 'लगान'मधली अडचण वेगळी होती. समोर इंग्रज सगळे पांढऱ्या क्रिकेटच्या कपड्यांत, एकसारखे. इकडं अकरा गावकरी, मातकट रंगांतले, आणि लांबच लांब चालणाऱ्या सामन्यात लांबूनसुद्धा कोण धावतोय हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. गणवेश देता येत नाही, भडक रंगही देता येत नाही. मग एकाची पगडी, दुसऱ्याची उघडी छाती, तिसऱ्याचे मोकळे केस, धोतर वर खोचण्याची प्रत्येकाची तऱ्हा. अकरा माणसं नावानिशी लक्षात राहतात.

शेवटी एक काम तुमच्यावर सोपवते. 2012 मध्ये भानूताईंनी आपली ऑस्करची बाहुली अकादमीकडं परत पाठवली, ती तिथं नीट सांभाळली जाईल म्हणून. 2020 मध्ये त्या गेल्या. बाहुलीला जागा मिळाली. कपड्यांचं तसं होत नाही. चित्रीकरण संपलं की ते गोदामात जातात, उसवतात, दुसऱ्याच्या मापाचे होतात, मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी अंगावर चढतात आणि एक दिवस फडक्यात जमा होतात. कोल्हापूर, पुणे, मुंबई इथं अशी कितीतरी घरं आहेत, जिथं आजोबा स्टुडिओत टेलर होते, आजी नटींना साड्या नेसवायची. त्यांच्या मापांच्या वह्या, कापडाचे नमुने, रेखाटनं, कपड्यांसकट काढलेले फोटो माळ्यावर असतील. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. पानांचे फोटो काढा, वहीवर कुणाची, कुठल्या चित्रपटाची, कुठल्या सालची ते पेन्सिलनं लिहा. आजी असतील तर त्यांना नेसवून दाखवायला सांगा आणि ते मोबाइलवर टिपून घ्या, निरी कशी घातली, काष्टा कुठं खोचला, सगळं. मी अजून तासभर इथंच आहे. कुणाकडं असं काही असेल तर जाताना मला भेटा. आणि ते दोन तुकडे मागून पुढं येऊ द्या.