ह्यूशचा उतार आणि बंद दार

योव्हिल टाऊन या फुटबॉल क्लबचं नाव निघालं की पहिल्यांदा त्या उताराची गोष्ट निघते, म्हणून आपणही तिथूनच सुरुवात करू. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं योव्हिल हे हातमोजे शिवणाऱ्यांचं गाव. क्लबला आजही 'ग्लव्हर्स' म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला इंजिनं बनवणाऱ्या पेटर्स कारखान्याचा संघ या क्लबात मिसळला. त्याच कारखान्यातून पुढे वेस्टलँड ही कंपनी उभी राहिली आणि आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं तिनेच बनवली.

ह्यूश हे त्यांचं जुनं मैदान एका बाजूरेषेकडून दुसऱ्या बाजूरेषेकडे सुमारे आठ फूट उतरत होतं. रुंदी सत्तर यार्ड धरली, तर हा उतार चार टक्क्यांच्या आसपास येतो. इथे एक बारकावा आहे. उतार गोलकडे असता, तर अर्ध्या वेळानंतर बाजू बदलल्यावर फायदा-तोटा सरळ उलटला असता. हा उतार आडवा होता, म्हणून दोन्ही अर्ध्यांत दोन्ही संघांना एक बाजू चढाची आणि एक उताराची मिळायची. वरच्या बाजूने सरळ पळवलेला चेंडू हळूहळू खाली घसरतो. चढाकडे दिलेला पास तोकडा पडतो, उताराकडे दिलेला रेषेबाहेर जातो. सपाट मैदानावर तयार झालेल्या पायांचा अंदाज नेमका इथे चुकतो.

29 जानेवारी 1949. एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या लहान-मोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा. तिची चौथी फेरी, समोर सर्वोच्च विभागातलं संडरलंड. त्यांच्या संघात लेन शॅकलटन होता. आदल्याच वर्षी त्याच्यासाठी 20,050 पौंड मोजले होते, त्या काळचा ब्रिटनमधला विक्रम. योव्हिलचे बहुतेक खेळाडू आठवडाभर नोकरी करून खेळणारे. ॲलेक स्टॉक हा खेळाडूही आणि व्यवस्थापकही. पहिला गोल त्यानेच केला. संडरलंडने बरोबरी साधली. बरोबरीनंतर सामना पुन्हा खेळवण्यात कामाचे दिवस बुडू नयेत म्हणून तेव्हा पहिल्याच सामन्यात जादा वेळ खेळवत. त्या जादा वेळात एरिक ब्रायंटने गोल केला आणि योव्हिल 2-1 असं जिंकलं. पुढच्या फेरीत मँचेस्टर युनायटेडने 81,565 प्रेक्षकांसमोर त्यांना 8-0 हरवलं.

पण सगळं श्रेय उताराला देणं मला पटत नाही. या क्लबने 1955, 1964 आणि 1971 साली सदर्न लीग ही फुटबॉल लीगबाहेरच्या क्लबांची स्पर्धा जिंकली, आणि एक लीग काही एकाच मैदानावर जिंकता येत नाही, निम्मे सामने दुसऱ्याच्या गावात असतात. तरीही वरचं दार उघडलं नाही. त्या काळी फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या विभागांच्या स्पर्धेत, प्रवेश मतदानाने मिळे. हंगामाअखेर तळाचे चार क्लब पुन्हा अर्ज करत, बाहेरचे क्लबही करत, आणि मतं देणार कोण, तर लीगमधलेच क्लब! ते बहुधा ओळखीच्या सोबत्यालाच सांभाळून घेत. 1987 साली लीगच्या लगेच खालच्या स्पर्धेतल्या विजेत्याला थेट बढती सुरू झाली आणि पहिला मान स्कारबरोला मिळाला.

योव्हिलला ती 2003 साली मिळाली, गॅरी जॉन्सनच्या हाताखाली. 2013 साली वेम्ब्लीवर ब्रेंटफर्डला 2-1 हरवून ते चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर गेले. तोवर ह्यूश नव्हतंच. क्लब 1990 साली गावाबाहेर सपाट ह्यूश पार्कवर गेला होता आणि जुन्या उताराच्या जागी सुपरमार्केट उभं राहिलं होतं. नंतरची घसरण झपाट्याची झाली: 2019 साली लीगबाहेर, 2023 साली सहाव्या पायरीवर. 2024 साली ते परत पाचव्या पायरीवर चढले, विजेते म्हणून, कुणाचं मत न मागता.