दुखणे पुढे, मूळ मागे: ट्रिगर पॉइंटवरील दाबउपचार

खांद्याच्या पुढच्या भागात खोलवर ठणका लागलेला असतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, हात पाठीमागे नेला की सणक भरते. आणि तरीही एक्स-रे काढला की त्यात बोट ठेवण्यासारखे काहीच सापडत नाही. अशा माणसाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते, तेव्हा त्याच्या दुखण्यावरच अविश्वास दाखवल्यासारखे होते. खरे तर अशा वेळी तपासणारा हात खांद्याच्या पुढून मागे जायला हवा. फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या पात्याच्या, मागच्या बाजूवर इन्फ्रास्पायनेटस नावाचा एक पसरट स्नायू असतो. हात बाहेरच्या बाजूला फिरवणे आणि दंडाच्या हाडाचा गोळा सांध्यात स्थिर ठेवणे हे त्याचे काम. या स्नायूतल्या ताठर पट्ट्यावर नेमक्या जागी अंगठा टेकला, की दाब मागे असूनही कळ खांद्याच्या पुढच्या भागात आणि तिथून दंडात उतरते, आणि ‘हेच, हेच माझे दुखणे’ असे रुग्ण स्वतःच सांगतो. स्नायूतल्या अशा जागेला ट्रिगर पॉइंट, साध्या भाषेत गाठ, म्हणतात.

दुखणे जिथे जाणवते तिथेच त्याचे मूळ असते, हा समज अशा जागेवर दाब देण्याच्या उपचारात पहिल्यांदा बाजूला ठेवावा लागतो. मानेपासून खांद्यावर उतरणाऱ्या ट्रॅपेझियस स्नायूच्या वरच्या कडेतली गाठ कानशिलात डोकेदुखी निर्माण करू शकते. पोटरीच्या सोलियस स्नायूतली गाठ टाचेत दुखते. कुल्ल्याच्या खोल थरातल्या ग्लुटियस मिनिमसमधून निघालेली कळ मांडीच्या बाहेरच्या बाजूने थेट घोट्यापर्यंत जाते आणि सायटिकाशी इतकी मिळतीजुळती असते, की दोहोंतला फरक ओळखण्यासाठी अनुभवी तपासणी लागते.

या दूरवर जाणाऱ्या कळांचा पद्धतशीर अभ्यास लंडनमध्ये झाला. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सर थॉमस लुईस यांच्या हाताखाली काम करणाऱ्या जॉन केलग्रेन या तरुण डॉक्टरने निरोगी स्वयंसेवकांच्या स्नायूंमध्ये तीव्र मिठाच्या पाण्याचे थोडेसे इंजेक्शन दिले आणि कळ कुठे उमटते, हे त्यांच्याकडून विचारून नोंदवले. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींतून स्पष्ट झाले, की एकाच स्नायूत निर्माण केलेली वेदना बरीच दूर, वेगळ्या भागातही जाणवू शकते.

अमेरिकेत हाच धागा डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी आयुष्यभर धरून ठेवला. हृदय आणि फुप्फुसाच्या रुग्णांवर काम करताना, त्यांच्यापैकी अनेकांना मूळ आजारापेक्षा खांद्याचे दुखणेच अधिक छळते आहे आणि त्या दुखण्याच्या जागा स्नायूंमध्ये हाताला लागतात, हे त्यांच्या ध्यानात आले. १९५५ साली त्यांच्याकडे सिनेटर जॉन केनेडी कुबड्यांच्या आधाराने आले. त्यांच्या पाठीवर नुकत्याच दोन शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. ट्रॅव्हेल यांनी आखडलेल्या स्नायूंमध्ये प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने दिली, एक पाय किंचित आखूड असल्याचे ओळखून बुटाच्या टाचेत उंची वाढवणारी पट्टी बसवून घेतली आणि झुलत्या खुर्चीत बसण्याचा सल्ला दिला. १९६१ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्या त्यांच्या वैयक्तिक डॉक्टर झाल्या. हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

या कथेचा पुढचा भाग मात्र अनेकदा वगळला जातो, आणि उपचार घेणाऱ्याच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. इंजेक्शनांचा आराम टिकेना, तेव्हा १९६१ च्याच शरद ऋतूत डॉ. हान्स क्राउस यांना बोलावण्यात आले आणि त्यांनी केनेडींकडून नियमित व्यायाम करून घ्यायला सुरुवात केली. स्नायू मोकळा करणे आणि त्याला पुन्हा कामाला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्याने दुसऱ्यासाठी वाट मोकळी होते, पण दुसरे केले नाही, तर तीच गाठ पुन्हा तिथेच येऊन बसते. केनेडींच्या पाठीत मणक्याचे दोषही होते. त्यामुळे त्यांचे सगळे दुखणे स्नायूंवर टाकणेही योग्य ठरणार नाही.

ट्रॅव्हेल यांना साथ मिळाली ती डेव्हिड सायमन्स यांची. अमेरिकी हवाई दलातले हे डॉक्टर ऑगस्ट १९५७ मध्ये एका बंदिस्त कोषात बसून बलूनच्या साहाय्याने सुमारे १,०१,५०० फुटांवर, म्हणजे जवळपास ३१ किलोमीटर उंचीवर जाऊन आले होते. पुढे त्यांनी ट्रॅव्हेल यांच्यासोबत अंगातल्या एकेका स्नायूचा वेदनेचा नकाशा तयार केला आणि तो १९८३ व १९९२ साली दोन खंडांत प्रसिद्ध केला. आज फिजिओथेरपीच्या दवाखान्यांत भिंतीवर लाल ठिपक्यांनी रंगवलेल्या देहाकृतींचे जे तक्ते दिसतात, त्यांचे मूळ या कामात आहे.

आता प्रत्यक्ष उपचाराकडे येऊ. रुग्णाच्या पाठीवर तेल लावलेले नसते, कारण कोरड्या त्वचेवरच बोटाला खालचा पोत नीट कळतो. थेरपिस्टची बोटे स्नायूच्या धाग्यांना आडवी फिरतात. आजूबाजूचा स्नायू मऊ असताना मध्येच एक पट्टा कापडाखाली ठेवलेल्या सुतळीसारखा हाताला लागतो. त्या पट्ट्यावर सरकत गेले, की एका लहानशा जागी दुखरेपणा एकदम वाढतो. तिथे बोट आडवे ओढले असता त्वचेखाली पट्टा क्षणभर फडफडतानाही कधी कधी दिसतो.

जागा सापडली की अंगठा तिथे स्थिर होतो आणि दाब हळूहळू वाढत जातो. शून्य ते दहा या मापात दुखणे सहा-सातच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. रुग्णाने श्वास रोखला, दात आवळले किंवा मुठी वळल्या, तर दाब अधिक झाला असे समजावे, कारण बचावासाठी आकसलेला स्नायू सैल कसा होणार? अर्धा ते दीड मिनिटात बहुधा अंगठ्याखालचा विरोध ओसरतो, सातवर असलेली कळ तीन-चारवर येते, आणि मग अंगठा थोडा आत उतरतो. त्यानंतर शेक, स्नायूला हळुवार ताण आणि हाताची पूर्ण हालचाल. ही शेवटची पायरी घाईत गाळली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

एके काळी त्या जागेचा रक्तपुरवठा थांबेल इतका जोर द्यावा, असे शिकवले जाई. वेदनेच्या नकाशांच्या त्या ग्रंथाच्या १९९९ च्या सुधारित आवृत्तीत खुद्द सायमन्स यांनीच तो मार्ग सोडून सौम्य, वाट पाहणाऱ्या दाबाचा पुरस्कार केला. आपल्याकडे पाठ धरली, की घरातल्या मुलाला पाठीवर उभे करून तुडवून घेण्याची रीत अनेकांनी अनुभवली असेल. त्यात माया आहे आणि बऱ्याचदा बरेही वाटते. परंतु हाडे ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांच्या पाठीवर असा भार पडू देऊ नये.

ही गाठ नेमकी बनते कशी? सायमन्स यांच्या मांडणीनुसार मज्जातंतू जिथे स्नायूला मिळतो, तिथे ॲसिटिलकोलिन हे संदेश देणारे रसायन गरजेपेक्षा जास्त झिरपते, तेथील तंतू आकसून राहतात, बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि प्राणवायू कमी पडतो. आकसलेला तंतू सोडवायलाही ऊर्जाच लागते आणि तिथे तिचाच तुटवडा असतो. त्यामुळे आखडणे आपोआप सुटत नाही. २००५ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील डॉ. जय शहा आणि सहकाऱ्यांनी मोजक्या व्यक्तींच्या ट्रॅपेझियसमध्ये अतिसूक्ष्म सुई घालून तिथला द्रव तपासला, तेव्हा दुखऱ्या जागी आम्लता आणि वेदना चेतवणारी रसायने अधिक आढळली.

तरीही वाद मिटलेला नाही. २०१५ साली क्विंटनर, बोव्ह आणि कोहेन या संशोधकांनी ट्रिगर पॉइंटचा सिद्धांतच पुराव्याच्या कसोटीवर उतरत नाही, असे मांडले. त्यांच्या मते दुखरेपणाचा उगम मज्जातंतूंमध्येही असू शकतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जाणकार डॉक्टरांचेही गाठीच्या जागेबद्दल आधी एकमत झाले नाही. एकत्र बसून पद्धत ठरवून घेतल्यावर ते झाले. याचा अर्थ मी असा घेतो, की हे कसब शिकून, तपासून घेतलेल्या हातांचे आहे. दाबाने थोड्या काळापुरता आराम मिळतो, असे अनेक अभ्यास सांगतात. दीर्घ काळाच्या फायद्याचा पुरावा अजून तोकडा आहे. म्हणून दहा-दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागून कायमचे बरे करण्याची हमी कोणी देत असेल, तर तिथून उठून यावे.

घरी करायचे असेल, तर टेनिसचा चेंडू भिंत आणि फऱ्याच्या मागचा भाग यांच्यामध्ये धरून अंगाचा भार हळूहळू टाकावा, चांगली दुखरी जागा सापडल्यावर मिनिटभर थांबावे आणि नंतर हात सगळ्या दिशांना फिरवावा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जिथे नाडी उडते, तिथे कधीही दाबू नये. एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर तिला हात लावण्याआधी रक्ताची गुठळी नाही ना, याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी. रक्त पातळ करणारी औषधे चालू असलेल्यांनीही आधी विचारावे. मधुमेहींमध्ये खांदा गोठण्याचे, म्हणजे फ्रोझन शोल्डरचे, प्रमाण जास्त असते. दुसऱ्याने हलवूनही खांदा वळत नसेल, तर चेंडू बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर गाठ शोधत बसू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. पाठदुखीबरोबर पायातली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तरीही तेच करावे.