बांगड्याचे आकडे कपाटात नकोत

नमस्कार श्रोतेहो. जून-जुलैची मासेमारीबंदी आपल्याला गोव्यात नवी नाही. ६१ दिवस ट्रॉलर जेटीला आणि घरात सुकी सुंगटं. बंदी का, तर मासळी अंड्यावर येते म्हणून. पण समुद्रात माद्या जास्त राहिल्या की पुढं पिल्लंही जास्त होतात, हे दाखवलं कुणी? ती गोष्ट मला फार आवडते, सांगतोच.

कॅनडातलं न्यूफाउंडलंड. कॉड माशावर तिथं गावंच्या गावं जगायची. रॅन्सम मायर्स हे शास्त्रज्ञ तिथं होते. तेव्हा बरेच जाणकार म्हणायचे, पिल्लं किती वाचतील ते पाण्याच्या मर्जीवर, माद्या किती याचा फारसा संबंध नाही. जो तो आपल्याच माशाचा आलेख काढायचा. वर्षाला एक ठिपका. वीस-तीस ठिपके, तेही विखुरलेले. त्यातून काय कळणार? मायर्स जगभरच्या अहवालांतून आकडे वेचू लागले : मोठे मासे किती, पिल्लं किती. इकडे कॉड इतका आटला की जुलै १९९२ मध्ये सरकारनं त्याची मासेमारीच थांबवली. सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. पुढं १९९६ साली मायर्स आणि त्यांचे सहकारी बॅरोमन यांनी ३६४ नोंदमालिका, म्हणजे वर्षावर्षाच्या अशा नोंदी, एकत्र तपासल्या. मोठे मासे भरपूर, तर पिल्लं भरपूर. पुन्हा सांगतो, एकेका आलेखात हे दिसत नव्हतं, सगळे एकत्र आल्यावर दिसलं. आणि मायर्सनी तो संग्रह कुलपात ठेवला नाही, सर्वांना खुला केला. २००७ साली ते गेले. त्यातून वाढलेला संग्रह आजही कुणालाही फुकट मिळतो.

आपला बांगडा कारवारलाही मिळतो, मालवणलाही. तिथले आकडे एका कपाटात, इथले गोव्यातले दुसऱ्या कपाटात, असं झालं तर बांगडा का घटला हे कुणालाच सांगता येणार नाही.

हैदराबादची इन्कॉईस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य पाहते, मासळी कुठं सापडेल ते मच्छीमारांना फुकट कळवते. मग जेटीवर काय उतरलं, बांगडा किती लांबीचा, पोटात गाबोळी होती का, या नोंदीही तशाच खुल्या हव्यात. मालीमच्या, वास्कोच्या, कुटबणच्या, बेतुलच्या, आपल्या सगळ्या जेटींच्या. ट्रॉलरमालकाला, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकाराला, कॉलेजातल्या मुलीला, मागेल त्याला.