हजाराचा दगड

मंडळी, हा वस्तरा आधी पुढच्या रांगेतून फिरू द्या. उघडू मात्र नका, धार लावलेली आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी दोनशे रुपयांत मिळाला. पात्याच्या बुडाशी ‘सोलिंगेन’ एवढंच वाचता येतं, कारखान्याचं नाव गंजाने खाल्लं. सोलिंगेन हे जर्मनीतलं सुऱ्या-कात्र्यांचं गाव. १९३८ पासून या नावाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, कुणीही उठून ते पात्यावर ठोकू शकत नाही. विकणाऱ्याला विचारलं, “धार आहे का?” त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, “लोण्यासारखा चालतो, साहेब.” लोणी कापलं असतं त्याने, दाढी नाही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात गेली. ग्राइंडिंगचं काम हातात मुरलेलं, तेव्हा वाटलं, वस्तरा पाजवणं म्हणजे दोन रविवारांचं काम. लागले सहा महिने.

खरं तर वस्तरा बनवणाऱ्याने निम्मं काम आपल्यासाठी करूनच ठेवलेलं असतं. सुरीला कोन हाताने धरावा लागतो, इथे तो धरायचाच नाही. पातं दगडावर आडवं ठेवायचं, त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकदम दगडाला टेकतात. पातं १६ मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १६ अंशांचा कोन आपोआप येतो. मग धार पुढे ठेवून, दगडावरची साय काढावी तसं पातं सरकवायचं. दगडाची रुंदी पात्याच्या लांबीपेक्षा कमी असली तर सरकवता सरकवता तिरकं ओढायचं, म्हणजे मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. शेवटाला पाठीवर उलटवायचं आणि परत यायचं. धारेवर उलटवलं तर सगळं मुसळ केरात.

मी सुरुवात केली ती कृत्रिम दगडांवर, म्हणजे मुळात कुरुंदच. आधी १०००, मग ४०००, मग ८०००. आकडा वाढतो तसा कण बारीक होतो, १००० ला साधारण १४ मायक्रॉन (म्हणजे मिलिमीटरचे हजारावे भाग), ८००० ला एक-दोन. पहिल्याच दिवशी तिन्ही दगड उरकले. पात्यावर अशी चकाकी आली, की तोंड बघून घ्यावं. साबण लावला, वस्तरा गालावर ठेवला आणि डोळ्यांत पाणी आलं. कापत नव्हता, केस उपटत होता. मग मी काय केलं? १२००० चा दगड मागवला. चकाकी वाढली, दाढी तशीच.

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांना दाखवायला नेलं. त्यांच्याकडेही आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तराच चालतो. एका गिऱ्हाइकाचं पातं दुसऱ्याला लावायचं नाही, हे योग्यच आहे. पण हात जुना. त्यांनी पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, घड्याळजी लावतात तसलं भिंग मागितलं आणि म्हणाले, “अहो, हे धारेपर्यंत पोचलंच नाही. वरच्या वर घासलंय तुम्ही.”

तेव्हा कळलं, की मी धारेच्या खांद्याला चकाकी आणत होतो. दोन बाजूंचे उतार एका रेषेत मिळाले तर ती धार. ते मिळायच्या आधी वरच्या आकड्याच्या दगडावर गेलात, तर बोथट कडाच गुळगुळीत होते. आणि मिळवायचं काम हजाराच्याच दगडाचं. वरचे दगड फक्त त्याच्या रेघा पुसतात.

पोचलं की नाही, हे तपासायची सोपी युक्ती सांगतो. मार्करने धारेच्या दोन्ही बाजू काळ्या करा. दगडावर दोन फेऱ्या मारा, भिंग लावा. माझ्या पात्याची टाचेकडची शाई कडेपर्यंत गेली होती, मधे मात्र केसाएवढी काळी रेघ तशीच होती. ती रेघ जायला मला तीन संध्याकाळी लागल्या. दुसरी खूण पाण्याची. धार आली नसेल तर पातं दगडावरचं पाणी पुढे ढकलतं. आली, की तेच पाणी पात्यावर चढून येतं, कारण धार त्याच्या खालून शिरते. आणि आवाज बदलतो, खरखर कमी होऊन लांब, एकसारखी ‘स्स्’ येते. हे एकदा दिसलं-ऐकलं की आकडेमोड लागत नाही. जोर मात्र लावू नका, शेवटच्या फेऱ्यांना तर पात्याचं स्वतःचं वजनच पुरतं.

एक राहिलंच. दगड आधी सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि काचेवर पॉलिशपेपर ठेवून घासायचा, सगळ्या रेघा एकदम गेल्या तरच तो सपाट. टूलरूममधल्या माणसाने हे विसरावं, ही शरमेची गोष्ट आहे. मी विसरलो होतो.

बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल दगडही माझ्याकडे आहे. त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक कण असतात. त्याच दगडाच्या छोट्या तुकड्याने घासून त्यावर चिखल काढला की तो झपाट्याने कापतो, पाणी घालत चिखल पातळ केला की तोच दगड शेवटचा हात फिरवतो. सुंदर वस्तू. गरज होती का? नव्हती.

दगडानंतर चामड्याचा पट्टा. इथे उलटं, पाठ पुढे आणि धार मागे. माझ्या पट्ट्यावरच्या या दोन चिरा बघा, हात चुकला की काय होतं ते. दर दाढीआधी पन्नासेक फेऱ्या. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, तरी धार जातेच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की केस वाकला आणि धारेवर नेमक्या कमकुवत जागी तिरका भिडला की धारेचे टवके उडतात. म्हणून दाढी आधी चांगली भिजवा.

आणि पावसाळ्यात वस्तरा ओला मुठीत मिटू नका. पुसा, तासभर उघडा ठेवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब धारेवर फिरवा. एका रात्रीत तांबूस ठिपके येतात, आणि मग पुन्हा हजाराचा दगड.