पाव फेऱ्याचा फरक

[दृश्य: लालसर डोंगर, पायऱ्यापायऱ्यांनी खणलेला. धूळ. लांबून इंजिनांचा कर्कश आवाज.]

ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात आयझेनएर्झ नावाचं गाव आहे आणि गावाच्या डोक्यावर हा एर्झबर्ग. लोखंडाची उघडी खाण. हजार वर्षांहून जास्त काळ खणून खणून डोंगराच्या पायऱ्या झाल्यात. १९९५ पासून इथे एर्झबर्गरोडिओ ही मोटरसायकलींची शर्यत भरते. शेवटच्या दिवशी पाचशे जण सुटतात, हातात वेळ असतो चार तास, आणि त्यातले बहुतेक जण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत.

पोलंडच्या टॅडी ब्लाझुसियाकनं २००७ ते २०११ अशी सलग पाच वर्षं ही शर्यत मारली. इंग्लंडच्या ग्रॅहम जार्व्हिसच्या नावावरही पाच विजय आहेत. जर्मनीच्या मानुएल लेटनबिखलरनं २०२२, २०२३ आणि २०२४ असा ओळीनं हात मारला. रस्त्यावरून टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या कधीच्या हद्दपार झाल्या, पण या डोंगरावर अजून त्यांचंच राज्य आहे.

[दृश्य: कार्ल्स डायनर. दगडांचा खच. एक गाडी दोन दगडांच्या बेचक्यात अडकलेली.]

या टप्प्याला कार्ल्स डायनर म्हणतात. फ्रिजएवढाले दगड एकमेकांवर पडलेले, आणि त्यांच्यावरून वाट काढायची. चालत गेलात तर गाडीच्या आधी पोचाल. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद पन्नासेक हॉर्सपॉवर. एवढी ताकद इथे एकदम आली तर मागचं चाक जागेवर गरगरतं, गाडी आडवी होते आणि स्वार दगडात जातो. ती कधी यायची हे ठरवणारा भाग तळहातावर मावेल एवढा आहे. त्याला म्हणतात पॉवर व्हॉल्व्ह.

[दृश्य: वर्कशॉप. हेड काढलेला सिलिंडर. बॅटरीचा झोत एक्झॉस्ट पोर्टवर.]

आपल्याकडे जुन्या आरएक्स हंड्रेडचं पोर्टिंग करून घेतलेल्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मिस्त्री एक्झॉस्ट पोर्टचं, म्हणजे जळालेला वायू बाहेर पडायच्या भोकाचं, तोंड घासून वर नेतो. वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना, गाडी उडते, आणि चौकात सिग्नल सुटल्यावर मरगळते. क्लच सोडताना रेस दिली नाही तर बंदच पडते. मिस्त्रीचा हात वाईट असतो असं नाही. पोर्ट वर गेलं की खालची ओढ जाणारच.

कारण असं. टू-स्ट्रोकला एक्झॉस्टचा वेगळा व्हॉल्व्ह नसतो. सिलिंडरच्या भिंतीत भोक असतं आणि पिस्टन खाली जाता जाता ते उघडतं. जळालेला वायू बाहेर पडतो, पुढच्या फुगीर पाइपात, म्हणजे एक्स्पान्शन चेंबरमध्ये, दाबाची लाट उठते, पाइपच्या निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पाइपाची लांबी ठरलेली, म्हणून लाटेला जाऊन परत यायला लागणारा वेळही जवळपास ठरलेला. इंजिनाचा वेळ मात्र बदलत राहतो. चार हजार आरपीएमला क्रँकचा, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याचा, एक फेरा १५ मिलिसेकंदांचा. आठ हजारांना साडेसात. एकच लाट दोन्ही वेळेला ठोक्यावर कशी येणार?

पोर्ट उंच असेल तर ते लवकर उघडतं आणि उशिरा मिटतं. वरच्या आरपीएमला ते हवंच असतं. खालच्या आरपीएमला मात्र लाट चुकीच्या वेळी येते, ताजं मिश्रण सायलेन्सरवाटे निघून जातं, आणि पिस्टनवरचा दाबही अर्ध्यातच सुटतो.

यामाहाच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात यावर तोडगा काढला. पोर्टच्या छताशी एक हलता भाग बसवायचा. इंजिन हळू फिरत असताना तो खाली, म्हणजे पोर्ट बुटकं. वेग वाढला की तो वर, म्हणजे पोर्ट उंच. ग्रां प्रीच्या ट्रॅकवर, ५०० सीसीच्या यामाहावर हे आधी आलं, आणि त्याच सुमाराला, १९७८मध्ये, यामाहाचा स्वार केनी रॉबर्ट्सनं जगज्जेतेपद मिळवलं. मग ते मातीत उतरलं. पुढच्या काही वर्षांत होंडा, कावासाकी, सुझुकी, प्रत्येकानं आपापला व्हॉल्व्ह काढला आणि प्रत्येकानं त्याला वेगळं नाव दिलं. उद्देश सगळ्यांचा तोच.

[दृश्य: केटीएम ३०० ईएक्ससीचं इंजिन, उजवी बाजू.]

हे केटीएमचं तीनशेचं इंजिन. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ७२ मिलिमीटर, भरतं २९३ सीसी. पेट्रोल इंजेक्शनच्या पहिल्या पिढीपर्यंत यातला पॉवर व्हॉल्व्ह चालायचा निव्वळ यंत्रावर. आत क्रँकच्या जोरावर फिरणारा गव्हर्नर आहे. त्यात पोलादी गोळ्या. वेग वाढला की गोळ्या बाहेर फेकल्या जातात, उतारावर चढतात आणि स्प्रिंगला रेटतात. स्प्रिंग दबली की दांडी फिरते, मधली झडप वर जाते आणि दोन्ही बाजूंची छोटी पोर्टंही उघडतात. वायर नाही, सेन्सर नाही. गोळ्या एका बाजूनं ढकलणार, स्प्रिंग दुसऱ्या बाजूनं अडवणार. आपल्याला हात घालायचाय तो स्प्रिंगमध्ये.

तिथे पोचायचे दोन मार्ग. एक, बाहेरून फिरणारा स्क्रू. आत घेतला की स्प्रिंगवरचा दाब वाढतो, व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. बाहेर काढला की लवकर. दुसरा मार्ग सहायक स्प्रिंग बदलण्याचा. कंपनी तीन रंगांच्या देते. हिरवी मूळची. पिवळी लावली तर ताकद अंगावर येते. लाल लावली तर शांतपणे, पसरून येते.

[दृश्य: गाडी डाव्या कुशीवर आडवी. छोटं झाकण निघतं. बोटांत लाल ठिपक्याची स्प्रिंग.]

गाडी डाव्या कुशीवर आडवी केली की गिअर ऑइल सांडत नाही. झाकण, स्क्रू, स्प्रिंग. जुनी काढली, नवी बसवली. चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. तरीही हजारो रुपयांचे पाइप बदलणारे स्वार या स्क्रूला वर्षानुवर्षं हात लावत नाहीत. आणि लाल स्प्रिंग नवशिक्यांची, हा गैरसमज तर इतका पक्का बसलाय की काही जण ती लावल्याचं सांगतही नाहीत! ओल्या मुळांवर, शेवाळलेल्या दगडावर शांत इंजिनच पुढे जातं. चाक फिरलं म्हणजे गाडी चालली असं नव्हे.

मग स्क्रू नेमका कुठे ठेवायचा? याचं उत्तर डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, स्वच्छ दिसतं.

[दृश्य: आलेख. दोन रेषा हळूहळू उमटतात.]

एकदा व्हॉल्व्ह बंद अडकवून इंजिन पळवायचं, एकदा उघडा अडकवून. बंदची रेषा खाली दमदार, वर ढेपाळलेली. उघड्याची खाली मरगळलेली, वर उसळलेली. मध्ये कुठेतरी दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात. व्हॉल्व्ह तिथे उघडला तर ताकद सलग वाढत जाते. फार आधी उघडला तर खालची ओढ गमावली. फार उशिरा उघडला तर मध्ये एक खड्डा पडतो, आणि खड्ड्यातून बाहेर येताना गाडी उसळी मारते. म्हणून स्क्रू नुसता आत घेत गेलं की गाडी शांत होते, असं म्हणणं अर्धवट आहे. एका मर्यादेनंतर उलटंच होतं.

डायनो प्रत्येकाकडे कुठून असणार? मग एक चढ निवडायचा. तोच चढ, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा. थ्रॉटल सावकाश उघडायचा आणि इंजिन कुठे सूर बदलतं ते ऐकायचं. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा तोच चढ. एका वेळी एकच बदल. जेटिंग, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं प्रमाण, आणि स्क्रू एकदम हलवलेत तर फरक कशामुळे पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मूळची जागा आधी मार्करनं खूण करून ठेवायची, हे सांगायला नको, तरी सांगतो.

[दृश्य: बाहेर काढलेली झडप. काळाकुट्ट, चिकट थर. ब्रश आणि रॉकेलचा डबा.]

आणि ट्यूनिंगच्या आधी हे. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलबरोबर जळतं आणि त्याचा कार्बन नेमका या झडपेवर बसतो. साठास एक प्रमाण म्हणजे लिटरला साधारण १७ मिली ऑइल, चाळीसास एक म्हणजे २५. मिश्रणात ऑइल जास्त, जेटिंग रिच म्हणजे पेट्रोलही जास्त, आणि गाडी कायम कमी आरपीएमवर, असं असेल तर थर झपाट्यानं चढतो. झडप बंद अवस्थेत अडकली तर गाडी खाली मस्त ओढते आणि वर श्वासच घेत नाही. उघडी अडकली तर खाली मेलेली आणि मग अचानक झटका. ही दोन्ही लक्षणं स्क्रू चुकल्यासारखीच वाटतात. कितीतरी जण मग स्क्रूच फिरवत बसतात. आत दांडी बोटानं हलवली तर लोण्यासारखी फिरायला हवी. अडखळली तर आधी साफसफाई.

परत बसवताना घाई चालत नाही. सिलिंडरच्या वरच्या कडेपासून झडपेपर्यंतचं अंतर मोजावं लागतं. मॅन्युअलमध्ये त्याला झेड म्हटलंय आणि मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो. झडप ठरल्यापेक्षा खाली राहिली तर पिस्टनला लागेल, मग खर्चाचा आकडा वेगळाच.

[दृश्य: नवी गाडी. हँडलवरचं मॅपचं बटण.]

२०२४च्या मॉडेलपासून केटीएमच्या एन्ड्युरो, म्हणजे आडवाटेच्या, टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह इलेक्ट्रॉनिक झाला. गोळ्या गेल्या, स्प्रिंग गेली. मोटर झडप हलवते आणि हँडलवरच्या बटणानं स्वभाव बदलतो. सोय आहे यात शंका नाही. पण स्प्रिंगवाल्या गाड्या अजून जगभर ढिगानं चालू आहेत आणि हातोहात विकल्याही जातायत. तशी जुनी तीनशे बघायला गेलात तर कंपनीनं सोबत दिलेल्या स्प्रिंगा कुठे आहेत ते विचारा. नंतर झाकण उघडून आत कोणत्या रंगाची आहे ते स्वतः बघा. मालक हिरवी म्हणाला आणि आत पिवळी निघाली, तर गाडी अंगावर येते म्हणून लगेच भाव पाडू नका. लाल मागून घ्या, आणि दांडी फिरते का ते बघा.